विरार-जुहू, अकरा मिनिटं

विमान घ्यायचं मी एका मंगळवारी रात्री साडेअकराला ठरवलं. लॅपटॉपवर नवीन शीट उघडली. पहिल्या रकान्यात विमानांची नावं, दुसऱ्यात वेग, तिसऱ्यात किती जण बसतात, चौथ्यात किती लांब धावपट्टी लागते. आम्ही सॉफ्टवेअरवाले कुठलाही निर्णय असाच घेतो. फोन घेताना हेच करतो, लग्नाची स्थळं बघताना पण हेच. फक्त त्या रात्री माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, म्हणून टायपिंग डाव्या हाताने चाललं होतं.

त्या संध्याकाळी मी अंधेरीहून विरार फास्टला लटकलो होतो. चूक माझीच. सात मिनिटांनी दुसरी गाडी होती, पण सात मिनिटांनी जी येते ती पण अशीच भरलेली असते, हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. अंधेरी सुटली तेव्हा माझा एक पाय आत होता आणि दांड्यावर दोन बोटं. मागे ऑफिसची बॅग. गोरेगावच्या आसपास बोटं सुटायला लागली. अंधेरी ते बोरिवली गाडी मध्ये थांबत नाही. तेवढ्यात आतून कोणीतरी माझा शर्ट छातीशी मुठीत धरला आणि बोरिवलीपर्यंत सोडला नाही. काही बोलला नाही, मी पण बोललो नाही. बोरिवलीला लोंढा उतरला, मी आत ढकलला गेलो, आणि ती मूठ कोणाची होती ते मला अजून माहीत नाही.

घरी आईने विचारलं, "हाताला काय झालं?"

"जिममध्ये लागलं."

जिमला मी २०२२ पासून गेलेलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, लोकलला कंटाळलास तर ऑफिसजवळ खोली घे, विमान कशाला? बरोबर आहे. ऑफिसमधल्या एका मित्राच्या मरोळच्या खोलीत एक जागा रिकामी होत होती आणि त्याला रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. पण ते उत्तर देण्याआधी मला घरी बाबांशी बोलायला लागणार होतं. विमानाचं तसं नव्हतं. विमानासाठी कोणाशीच बोलायला लागत नव्हतं.

बाबांनी विरारचा फ्लॅट १९९४ मध्ये घेतला. त्याआधी गिरगावात चाळीतल्या एका खोलीत ते, त्यांचे दोन भाऊ, आजी-आजोबा आणि एक शिलाई मशीन. विरारला दोन खोल्या, स्वतःचा संडास, स्वतःची बाल्कनी. तेव्हा बोरिवलीच्या पुढे दोनच रूळमार्ग होते, एक जायचा आणि एक यायचा. लोक म्हणाले, एवढ्या लांब? बाबा २०२२ ला रिटायर होईपर्यंत रोज चर्चगेटला गेले आणि रोज परत आले. त्या माणसाला "मला इथून ये-जा जमत नाही" हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

म्हणून विमान.

शिवाय विमान हा अगदीच वेडा विचार नव्हता. २०१६ च्या फेब्रुवारीत, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, पेपरात एक फोटो आला होता. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव नावाच्या पायलटने स्वतःच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती. सहा वर्षं सामान वर चढत होतं. मग विमान सुटं करून क्रेनने खाली उतरवलं आणि बीकेसीत 'मेक इन इंडिया'च्या सप्ताहात मांडलं. कॉलेजच्या ग्रुपवर आम्ही तो फोटो इतक्यांदा फॉरवर्ड केला की शेवटी एकाने ग्रुप सोडला. पुढे २०१७ मध्ये त्या विमानाची व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी झाली, २०१८ मध्ये विमाननिर्मितीसाठी राज्य सरकारशी करार झाला, आणि जागा ठरली ती आमच्या पालघर जिल्ह्यात. २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर ते उडालं. म्हणजे माझी लोकल रोज ज्या कांदिवलीवरून जाते, तिथे एका माणसाने गच्चीवर विमान केलंय. मला तर नुसतं निवडायचं होतं.

शीटमधली पहिली ओळ सेस्ना १७२. लहान विमान म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं ते हेच: वर पंख, पुढे एक पंखा, चार खुर्च्या. १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि आजवर चाळीस हजारांहून जास्त बनली, इतकं दुसरं कुठलंच विमान जगात बनलेलं नाही. विमानांमधली मारुती ८०० म्हणा. आरामात चालवलं तर ताशी सव्वादोनशे किलोमीटर. विरार ते जुहू सरळ रेषेत चाळीस किलोमीटर. भागाकार केला. अकरा मिनिटं.

अकरा मिनिटं! हा आकडा मी बराच वेळ बघत बसलो. अकरा मिनिटांत माझी शेअर रिक्षा बोळिंजहून स्टेशनला पण पोचत नाही.

दुसरी ओळ पिपिस्ट्रेल. स्लोव्हेनियाची कंपनी, दोन आसनी, हलकं, ऐंशी हॉर्सपॉवरचं इंजिन, जे साध्या पेट्रोलवर चालतं. आपल्याकडे एनसीसीच्या मुलांना उडायला शिकवण्यासाठी हेच घेतलंय. पण मॉडेलचं नाव 'व्हायरस'. आयटीवाला ऑफिसला व्हायरस घेऊन येतो हे एचआरला कसं समजावणार? तिसरी ओळ सिरस एसआर२२. हिच्या अंगात अख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं. इंजिन बंद पडलं तर छताचा दांडा ओढायचा, विमानासकट तुम्ही छत्रीला लटकत खाली. लटकण्याचा अनुभव असल्यामुळे मी हिला दोन गुण जास्त दिले.

चौथी ओळ समुद्रात उतरणारं विमान. अर्नाळ्याला किनारा आहे, जुहूला किनारा आहे, मध्ये वसईची खाडी. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीला अशा विमानाची चाचणी झालीच होती. पण वाचत गेलो तसं कळलं की एवढ्या लहान विमानाला फूट-दीड फुटाच्या पुढची लाट झेपत नाही, आणि खारं पाणी धातूला खातं. अर्नाळ्याचे कोळी बोटींना किती जपतात ते लहानपणापासून बघितलंय. ती ओळ खोडली.

मग खुर्च्यांचा हिशोब. रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा एक शब्द आहे. गर्दीच्या वेळी आमच्या डब्यात एका चौरस मीटरवर चौदा ते सोळा माणसं उभी असतात, त्यासाठी हा शब्द. सेस्नाच्या आतली रुंदी जेमतेम एक मीटर, लांबी मागच्या सामानाच्या कप्प्यासकट साडेतीन मीटर. आमच्या दराने तिच्यात ४९ माणसं मावतात. कंपनी म्हणते चार. पण तेही पूर्ण खरं नाही. विमान साधारण चारशे किलो उचलतं. टाकी काठोकाठ भरली की दीडशे किलो तिथेच जातात. उरलेल्या अडीचशेत तीन मोठी माणसं आणि त्यांचे डबे. म्हणजे चौथी खुर्ची असते, पण चौथ्याने त्यावर बसायचं म्हटलं तर पेट्रोल कमी करावं लागतं. हे वाचून मी एकटाच हसलो. आमच्या लोकलमध्येही तिघांच्या बाकड्यावर चौथ्याने अर्धी मांडी टेकवायची असते, त्याला आम्ही फोर्थ सीट म्हणतो. कॅन्सासमध्ये विमान बनवणाऱ्यांनाही फोर्थ सीट माहीत होती!

किमतीच्या रकान्यात मी जास्त रेंगाळलो नाही. नवीन सेस्ना चार लाख डॉलरच्या वर. आमचा पूर्ण मजला विकला तरी पंखापर्यंतच पैसे पुरतील. पण सेकंडहॅण्ड असते, चौघांत मिळून घेता येते, असं म्हणून मी पुढच्या रकान्यात गेलो. मनात नसलेला निर्णय टाळायचा असला की माणूस फार चिकाटीने काम करतो.

धावपट्टी. सेस्नाला जमीन सोडून पन्नास फूट वर जाईपर्यंत साधारण पाचशे मीटर लागतात, उकाड्यात जास्त. विरारमध्ये पाचशे मीटर सरळ, मोकळी, सपाट जमीन दाखवा आणि बक्षीस मिळवा. नायगावची मिठागरं? तिथे मीठ पिकतं. ग्लोबल सिटीचा रुंद रस्ता? तिथे संध्याकाळी शेवपुरीच्या गाड्या. राजोडीची पुळण ओहोटीला मोकळी असते, पण ओहोटी माझ्या लॉग-इनच्या वेळेला येईलच असं नाही. आणि पूर्वेला उडालं की समोर जीवदानीचा डोंगर. कॅलिफोर्नियात कॅमेरॉन पार्क नावाची वस्ती आहे. तिथले रस्तेच मुद्दाम इतके रुंद ठेवलेत की लोक घराच्या गॅरेजमधून विमान काढतात आणि चालवत धावपट्टीवर नेतात, पाट्यासुद्धा पंखांना लागू नयेत म्हणून बुटक्या. आमच्या सोसायटीत दुसरी बाईक लावली तर सेक्रेटरी नोटीस लावतात.

तरी धरून चालू की धावपट्टी मिळाली. परवान्याला किमान चाळीस तास उडावं लागतं. चाळीस तास काही नाही, तेवढे मी महिन्याभरात लोकलमध्ये घालवतो. इंधनाचं पण जमेल: सेस्नाचं पेट्रोल पूर्वी परदेशातून यायचं, २०२२ पासून इंडियन ऑइल बडोद्याच्या रिफायनरीत बनवतं. आणि उतरायला जुहू. १९२८ पासूनचा विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन तिथेच उतरले होते.

मग एकेक गोष्ट निसटायला लागली, बोटांसारखीच.

जुहूला लागूनच सांताक्रूझचा मोठा विमानतळ. इतका जवळ की १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं एक जेट सांताक्रूझ समजून चुकून जुहूवरच उतरलं होतं. मोठ्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला त्या एकीवर चाळीसहून जास्त विमानं चढतात-उतरतात, साधारण दर दीड मिनिटाला एक. आमची विरार लोकलसुद्धा इतक्या पटापट येत नाही. ज्या आकाशात मी मोकळं वाटेल म्हणून जाणार होतो, तिथे पीक अवर आधीच चालू होता.

पावसाळा. लहान विमान डोळ्यांनी बघून उडवायचं असतं. काही किलोमीटरपर्यंत नीट दिसायला हवं, ढग वर हवेत. जून ते सप्टेंबर विरारला समोरची बिल्डिंग दिसली तरी नशीब. जेआरडींना पण हे चुकलं नव्हतं. पावसात जुहूचं मैदान चिखल व्हायचं, तेव्हा टाटांची टपाल-विमानं पुण्याला हलवावी लागायची. वर्षातले चार महिने गेले.

उरले आठ. त्यांची बेरीज अशी: घर ते धावपट्टी पंचवीस मिनिटं. उडण्याआधी विमानाभोवती फिरून तेल, पेट्रोल, पंख, चाकं सगळं तपासायचं, इंजिन गरम करायचं, परवानगी मागायची, पंचवीस. उडणं अकरा. उतरून विमान लावून बांधायचं, पंधरा. जुहूहून मरोळला सकाळी दहाच्या सुमारास रिक्षा, पंचेचाळीस. एकूण दोन तास एक मिनिट.

लोकलने घर ते ऑफिस: एक तास चाळीस.

शीट तीन वेळा तपासली. फॉर्म्युला बरोबर होता. मी लॅपटॉप तसाच डायनिंग टेबलवर उघडा ठेवून झोपलो.

सकाळी उठलो तर बाबा चष्मा लावून शीट वाचत होते. बाबा कुठलाही तक्ता लोकलच्या टाइमटेबलसारखा वाचतात, बोट ठेवून, डावीकडून उजवीकडे, मध्ये न थांबता. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "यात परतीची गाडी कुठाय?"

"म्हणजे?"

"अरे, सकाळी गेलास जुहूला. संध्याकाळी?"

"तेच विमान..."

"सुटतोस किती वाजता?"

सात. कधी साडेसात. आणि सूर्यास्तानंतर डोळ्यांनी बघून उडणारी विमानं सहसा उडवता येत नाहीत, हे मी रात्री वाचलं होतं आणि कुठल्याच रकान्यात लिहिलं नव्हतं. डिसेंबरात सहालाच अंधारतं. म्हणजे सकाळी मी विमानाने जाणार, संध्याकाळी विमान जुहूला ठेवून विरार फास्टने येणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विरारला, विमान जुहूला.

मी हे मोठ्याने बोललो तेव्हा मात्र बाबा हसले. मग त्यांनी माझा हात बघितला.

"हे जिमचं नाही."

मी गप्प.

त्यांनी डाव्या हाताची करंगळी पुढे केली. तिचं नख मधोमध दुभंगलेलं आहे, मी लहानपणापासून बघतोय. "२००३. नालासोपारा. आईला सांगितलेलं, कपाटाच्या दारात सापडली."

स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली. आतून आई म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं."

"कोणी धरलं?" बाबांनी विचारलं. मी लटकलो होतो हे मी सांगितलंच नव्हतं.

"माहीत नाही. बघितलं नाही."

"नसतंच माहीत."

त्या दिवशी सुट्टी टाकली. दुपारी मी आणखी एक हिशोब केला, हा शीटमध्ये नाही. पायलटचं मोजमाप तासांत होतं. व्यावसायिक परवान्याला २०० तास. मोठ्या विमानाचा कॅप्टन व्हायला लागणाऱ्या परवान्याला १,५००. बाबा विरार-चर्चगेट अठ्ठावीस वर्षं, लॉकडाउनचं एक वजा करू, सत्तावीस. वर्षाला २८० दिवस, येऊन-जाऊन रोज तीन तास. २२,६८०. एवढे तास उडालेल्या माणसाला विमान कंपनीत सगळे उठून उभे राहत असतील. बाबांना रिटायरमेंटला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. आम्ही ते तसंच ठेवलंय, गाडी चुकू नये म्हणून.

मी आकडा सांगितला. त्यांना कौतुक वाटेल असं वाटलं होतं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढे?" अगदी हळू. मग उठून बाल्कनीत गेले, झाडांना पाणी घातलं. सकाळी एकदा घालून झालं होतं.

मला वाटलं, आकडा सांगायला नको होता. काही गोष्टी न मोजताच निभावलेल्या असतात. माणूस रोज एक दिवस जातो आणि येतो. बेरीज दुसऱ्या कोणीतरी करायची नसते.

परत आले ते सरळ लॅपटॉपपाशी बसले. खालच्या बाजूला शीटची दुसरी टॅब होती, 'मरोळ' नावाची. तिच्यात एकच ओळ होती. ती त्यांनी सकाळीच वाचली होती, हे मला तेव्हा कळलं.

"भाडं किती?"

मी सांगितलं.

"तिघांत?"

"तिघांत."

"मी गिरगाव सोडलं तेव्हा तुझे आजोबा तीन महिने माझ्याशी बोलले नव्हते," बाबा म्हणाले. "त्यांना वाटलं, यांना चाळ कमी वाटते. मला फक्त जागा हवी होती. तिचे पैसे नव्हते, म्हणून वेळ दिला. तुला वेळ हवाय, तर जागा सोड. फुकट काहीच नसतं. विमान पण नाही." मग लगेच, "गादी इथून नेऊ नको. तिकडेच घे. लोकलमध्ये चढणार नाही."

मी शनिवारी मित्राला हो कळवलं.

आता सोमवार ते शुक्रवार मी मरोळला राहतो. खोली दहा बाय अकरा, तिघे जण, एक खिडकी, तिच्यासमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. बाबांच्या चाळीच्या खोलीपेक्षा लहानच असेल. ऑफिसला चालत अठरा मिनिटं लागतात. बोटं महिन्याभरात वळायला लागली. रात्री आठला माझं जेवण झालेलं असतं, आणि त्या वेळी बोरिवलीच्या पुढे काय चाललं असेल हे माहीत असल्यामुळे पहिला घास थोडा अडकतो. खोलीच्या अगदी वरून विमानं उतरतात. इतक्या खालून जातात की पोटावरची अक्षरं वाचता येतात. रूममेट्सना त्रास होतो. मी अजून दर वेळी वर बघतो.

शुक्रवारी उशिरा, गर्दी ओसरल्यावर, मी विरार लोकल पकडतो. कांदिवली आली की पश्चिमेकडे मान वळते. गाडीतून चारकोपची गच्ची दिसत नाही, इमारतीच दिसतात, पण मान वळते.

मागच्या आठवड्यात ती शीट पुन्हा उघडली. बाबांनी तिच्यात शेवटी एक रकाना वाढवलाय, 'परतीची गाडी'. सेस्ना, पिपिस्ट्रेल, सिरस, तिघांसमोर त्यांनी एका बोटाने टाइप केलंय, 'नाही'. दुसऱ्या टॅबवर मरोळच्या ओळीतही तोच रकाना आहे. तिथे लिहिलंय, 'शुक्रवारी. जेवायला थांबतो.'